औषधाचं दूध

सासूबाईंना बूड टेकवून बसलेलं फारसं कुणी पाहिलं नव्हतं. जेवतानासुद्धा एक मांडी घातलेली आणि दुसरा गुडघा उभा, म्हणजे उठायला सोपं. घास तोंडात असतानाच त्यांना आठवायचं की कबरी गाईच्या पुढ्यात पाणी नाही, नाहीतर वैरणीवर ताडपत्री ओढायची राहिली. मग घास गालात ठेवून त्या निघायच्या. सून म्हणायची, "आत्या, गिळा तरी," आणि आत्या तोवर गोठ्यात पोचलेल्या असायच्या. नवरा गेल्यापासून गोठा त्यांनी एकटीच्या अंगावर ओढला होता, आणि तो दुसऱ्या कुणाला नीट जमेल यावर त्यांचा काडीइतका विश्वास नव्हता.

त्या वर्षी पाऊस जायचं नावच घेत नव्हता. गोठ्याची जमीन वाळत नव्हती. शेण, मूत आणि चिखल एक झालं होतं आणि जनावर बसलं की कास त्यातच लोळायची. अशा दिवसांत दगडी येते. कासेचा एक भाग आधी गरम होतो, मग ताठतो, मग दगडासारखा घट्ट होतो आणि सडातून दुधाच्या जागी पिवळं पाणी आणि गाठी येतात. आधी कबरीला झाली, ती उतरली तर बांडीला झाली. सासूबाई दिवसातून दहा वेळा प्रत्येक गाईच्या कासेला हात लावून बघायच्या, आणि गाई बिचाऱ्या त्यांना कंटाळल्या होत्या.

कबरीला दगडी झाली तेव्हाच घरात मोठा घोळ झाला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या सडात औषध सोडलं आणि बजावलं, की शेवटचं औषध दिल्यापासून तीन दिवस हिचं दूध डेअरीला घालायचं नाही. सासूबाईंना नेमकं भाचीच्या लग्नाला जावं लागलं. जाताना त्यांनी मुलाला सगळं पढवलं. मुलगा हो हो म्हणाला आणि सकाळच्या घाईत सगळ्या गाईंचं दूध एकाच किटलीत ओतून मोकळा झाला. डेअरीत ते गावाच्या दुधात मिसळलं, तपासणीत औषध निघालं आणि अख्खी टाकी सगळ्यांच्या देखत गटारात सोडावी लागली. पांढरं गटार बघायला पोरं जमली होती म्हणे. मग डेअरीचा माणूस एकेका घराची नमुन्याची बाटली तपासत गेला आणि यांच्या बाटलीपाशी थांबला.

तेव्हापासून किटली घेऊन गेलं की रांगेतलं कुणीतरी म्हणायचंच, "सरका, सरका, औषधाचं घर आलं." डेअरीचा माणूस हसायचा नाही, पण थांबवायचाही नाही. सासूबाई मान ताठ ठेवून उभ्या राहायच्या आणि घरी येऊन मुलावर आगपाखड करायच्या. इतकी वर्षं त्यांच्या दुधाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

मग त्यांनी नियम केला. जुना लाल परकर फाडून पट्ट्या काढल्या. औषध चालू असेल त्या गाईच्या मागच्या पायाला पट्टी. गाठ अशी, की गाईने कितीही लाथा झाडल्या तरी सुटायची नाही. गोठ्यामागे एक खड्डा खणला. पट्टीवाल्या गाईचं दूध वेगळ्या बादलीत काढायचं आणि त्या खड्ड्यात ओतायचं. वासरालासुद्धा नाही, मांजरालासुद्धा नाही. पट्टी बांधायची त्यांनी आणि सोडायचीही त्यांनीच.

सून निमूटपणे पट्ट्या बघून धारा काढायची. पहिली मुलगी झाल्यावर माहेरून आली त्याला फार दिवस झाले नव्हते. मुलीचं नाव काहीतरी मोठं ठेवलं होतं, पण घरात सगळे तिला ठमी म्हणायचे. ठमी चार-पाच महिन्यांची, गुबगुबीत, आणि अंगावरच्या दुधाशिवाय दुसरं काही तिला ठाऊक नव्हतं.

एका सकाळी सासूबाईंनी पाहिलं, सून बांडीच्या पोटाला कपाळ टेकवून बसली आहे आणि बादलीत धारेचा आवाज नाही.

"झोपलीस का काय?"

"नाही आत्या."

"मग हात चालव की."

सुनेने उजवा हात उचलला आणि तो अर्ध्यावरच थांबला. दात ओठावर रोवले गेले. सासूबाई जवळ गेल्या. सुनेचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि ती कुडकुडत होती. पदर बाजूला करायला सून तयार होईना, पण सासूबाई कसल्या ऐकताहेत. छातीची उजवी बाजू लालभडक, चकचकीत. त्यांनी गाईला लावतात तसा उलटा हात लावून पाहिला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "तुला तर दगडी झाली."

सुनेला रडता रडता हसू आलं. हसल्यावर आणखी दुखलं.

गावच्या दवाखान्यात रांग होती. ठमीने भोकाड पसरलं, म्हणून सासूबाई तिला खांद्यावर घेऊन बाहेर व्हरांड्यात येरझारा घालत राहिल्या आणि सून एकटीच आत गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, आधी कुठल्या औषधाचा त्रास झाला होता का. झाला होता. लहानपणी घसा सुजला म्हणून पेनिसिलिन दिलं, तर अंगभर गांधी उठल्या होत्या, ओठ फुगले होते आणि आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग डॉक्टरीणबाई लिहीत होत्या ते त्यांनी खोडलं आणि दुसरं औषध लिहिलं. एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या, गुलाबी. पोटात कळ येते, म्हणून दोन घास खाऊन घ्यायच्या. ताप उतरला तरी सोडायच्या नाहीत, पाकीट संपवायचं. आणि ज्या बाजूला दुखतंय त्याच बाजूला बाळाला जास्त पाजायचं.

परतीच्या वाटेवर सुनेने सासूबाईंना हे सगळं सांगितलं. सासूबाईंनी शेवटचं वाक्य ऐकलं आणि त्या चालता चालता थांबल्या.

"पाजायचं?"

"हो. चालतं म्हणाल्या. पाजायलाच पाहिजे म्हणाल्या."

"गोळ्या चालू असताना?"

"हो."

घरी आल्यावर सासूबाईंनी पाकीट हातात घेऊन उजेडात धरलं आणि अक्षरं जुळवत नाव वाचलं. मग फळीवरून बांडीच्या औषधाची रिकामी नळी काढली आणि तीही वाचली. दोन्ही नावांचं शेपूट एकच होतं. मायसिन.

"हे बघ," त्या मुलाला म्हणाल्या. "हे तेच घराणं. बांडीला सोडलं तेच."

"आई, डॉक्टरीणबाई सांगतायत ना पाज म्हणून."

"डॉक्टरीणबाईंनी कधी डेअरीला दूध घातलंय? त्यांना दुधातलं काय कळतं! आणि तू तर बोलूच नकोस. तुझ्यामुळे गावाचं गटार पांढरं झालं."

त्या एका वाक्यापुढे मुलाचं महिनाभर काही चालत नव्हतं.

सासूबाईंनी हिशेब ठरवून टाकला. गोळ्या चालू आहेत तोवर बंद, आणि शेवटची गोळी पोटात गेल्यापासून तीन दिवस बंद. अनोळखी माणसांच्या पोटात औषधाचं दूध जाऊ नये म्हणून आपण खड्डा खणला, आणि घरच्या लेकराला तेच पाजायचं? त्यांना कल्पनाही सोसवेना. ठमीला गाईचं दूध पाणी घालून चमच्याने पाजायचं ठरलं. घरात कुणीही रडतं लेकरू उचलून आईच्या ओटीत टाकतं, मुलगा तर हमखास विसरणार. म्हणून त्यांनी लाल पट्टी घेतली आणि सुनेच्या मनगटाला बांधली.

"तेवढीच आठवण," त्या म्हणाल्या, आणि थोडं हसल्यासुद्धा.

सून हसली नाही. तिने मनगटाकडे पाहिलं, मग दारातून दिसणाऱ्या बांडीच्या पायाकडे पाहिलं, आणि हात पदराखाली घेतला. सासूबाईंना ते दिसलं. मनात कुठेतरी टोचलंही. पण ठमी रडायला लागली आणि त्या चमचा शोधायला उठल्या.

ठमीने चमचा काही मानला नाही. पहिला घोट तिने जिभेवर फिरवला, चेहरा वाकडा केला आणि सगळं सासूबाईंच्या चोळीवर काढलं. दुसऱ्याला तोंडच मिटून घेतलं. सासूबाईंनी तिला उभं धरलं, आडवं धरलं, गाणी म्हटली, गाई दाखवल्या. भुकेने दमून ती थोडं गिळायची आणि थोड्या वेळाने पोट आवळून किंचाळायची. दुपट्यावर दुपटी ओली होऊ लागली. पावसाने काहीच वाळत नव्हतं, म्हणून चुलीच्या वर दोरी बांधून दुपटी टांगली आणि सगळं घर धुराचं आणि आंबट वासाचं झालं.

सून आतल्या खोलीत पडून हे ऐकायची. ठमी रडली की तिच्या छातीतून आपोआप दूध वाहायचं आणि चोळी भिजायची. सासूबाईंना एवढं पक्कं माहीत होतं की दगडी झालेली कास भरलेली ठेवायची नाही. त्या वाटी घेऊन सुनेजवळ बसायच्या, तोंड भिंतीकडे करायच्या आणि हाताने दूध काढायच्या. त्यांचा हात हलका होता, गाई त्यांच्याकडे लाथ न मारता उभ्या राहायच्या. तरी सुनेच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

"दुखतंय?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस. दुखणारच."

वाटी घेऊन त्या गोठ्यामागे जायच्या आणि बांडीच्या दुधावर तिचं दूध ओतायच्या. खड्ड्यात दोन्ही सारखंच दिसायचं.

एकदा ओतताना मुलाने पाहिलं. तो किटल्या धूत होता. आई वाटी उपडी करते आहे आणि आतून ठमीचा घसा बसलेला आवाज येतो आहे, हे त्याला सहन झालं नसावं. हातातला काथ्या त्याने आपटला आणि तो पाणी तसंच चालू ठेवून बाहेर निघून गेला. सासूबाईंनी नळ बंद केला. हात त्यांनी पदराला पुसला.

गोळ्या मात्र वेळच्या वेळी चालल्या होत्या. सासूबाई त्यात चुकणाऱ्यांतल्या नव्हत्या. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, झोपताना, मऊ भाताचे दोन घास आणि गोळी. पहिल्या दिवशी सुनेच्या पोटात मुरडा आला, दुसऱ्या दिवशी ताप जरा उतरला आणि सासूबाईंच्या जिवात जीव आला. पुढे सून म्हणायला लागली, "ठेवून जा आत्या, घेते मी. जरा मळमळतंय, मोकळ्यावर जाऊन घेते." ती भिंतीला धरत मागच्या दाराने बाहेर जायची आणि रिकामं भांडं घेऊन परत यायची. सासूबाईंना ते बरंच वाटलं. उठून हिंडतेय म्हणजे बरी होतेय.

पण ती बरी होत नव्हती. ताप परत चढला. लाली काखेपर्यंत गेली. एका जागी तर आत पाणी भरल्यासारखं मऊ लागायला लागलं. सासूबाईंना ही खूण माहीत होती. गाईच्या कासेत असं लागलं की तो सड बहुतेक जातो, पुन्हा कधी दूध देत नाही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्या नुसत्या घरभर फिरत राहिल्या. भांडी घासलेली पुन्हा घासली, गोठा झाडलेला पुन्हा झाडला. मुलगा म्हणाला, "आई, बस जरा." त्या म्हणाल्या, "बसून काय होणार आहे?"

दुपारी ठमी त्यांच्या मांडीवर होती. रडायचीही ताकद नसल्यासारखी नुसती कण्हत होती. एकाएकी तिने मान वळवली, तोंड उघडलं आणि सासूबाईंच्या चोळीवर, सुकलेल्या छातीवर, ओठ घासायला लागली. इकडून तिकडे, तिकडून इकडे, डोळे मिटून. सासूबाईंनी तिला दूर धरायचा प्रयत्न केला, तर तिने मुठीत चोळी पकडली. म्हाताऱ्या बाईचे डोळे भरून आले. तिथे काही नाही गं, असं त्या तिला समजावत बसल्या, आणि ती काही ऐकेना.

शेवटी ठमी दमून झोपली. सासूबाईंनी सकाळची राहिलेली वाटी उचलली आणि त्या खड्ड्याकडे गेल्या. पावसाने खड्डा काठापर्यंत भरला होता. वर दुधाची सायीसारखी घाण तरंगत होती, आणि त्या पांढऱ्यात गुलाबी ठिपके होते.

त्यांना आधी फुलं वाटली. मग त्या वाकल्या. बोटांनी एक ठिपका उचलला. वरचा गुलाबी रंग अर्धा विरघळला होता आणि आतली पांढरी गोळी फुगून मऊ झाली होती. पाण्यात आणखी होत्या. काठावरच्या गवतात एक अडकली होती, अजून अख्खी, नवी.

वाटी तिथेच पडली. सासूबाई घरात आल्या त्या ओल्या हातानेच. सुनेसमोर त्यांनी मूठ उघडली.

"हे काय?"

सुनेने पाहिलं आणि डोळे मिटले. "गोळ्या."

"ते दिसतंय मला. खड्ड्यात कशा गेल्या?"

सुनेचे ओठ कोरडे पडले होते. मग ती हळू, अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना आत्या. शेवटची गोळी पोटात गेल्यापासून तीन दिवस. सगळं पाकीट संपवून मग तीन दिवस थांबायचं, तर ठमी राहिली नसती. म्हणून मी शेवटची लवकर केली."

"म्हणजे?"

"मधेच थांबले. थांबल्यापासून दिवस धरले." तिने मनगट उचलायचा प्रयत्न केला, पण हात वर झाला नाही. "आज पूर्ण होतात. आज पट्टी सुटायची होती. तुम्ही वाटी ओतायला गेलात ना, ते दूध चांगलं होतं आत्या. चांगलं दूध होतं ते."

सासूबाई उभ्याच होत्या. त्यांना खाली बसावंसं वाटलं आणि कसं बसायचं तेच आठवेना. गाईंना न चुकता लावलेला नियम या पोरीने त्यांच्यापेक्षाही काटेकोर पाळला होता. बाहेरून बांडी हंबरली. सुनेच्या अंगाला इतका कंप सुटला की अंथरूण हलायला लागलं, आणि सासूबाईंनी मुलाला हाक मारली ती शेजारच्यांनाही ऐकू गेली.

दूध न्यायच्या टेंपोत किटल्यांची जागा करून सुनेला झोपवलं. सासूबाई ठमीला घेऊन तिच्या उशाशी बसल्या. टेंपो उसळला की त्या आपला तळहात सुनेच्या डोक्याखाली घालायच्या. दवाखान्यात या वेळी त्या व्हरांड्यात थांबल्या नाहीत. ठमी रडत होती तरी तिला घेऊन आत गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आत पू झाला होता. सुईने काढावा लागणार होता, आणि तेवढ्याने भागलं नाही तर चीर द्यावी लागणार होती.

"गोळ्या घेतल्यास?" त्यांनी विचारलं.

"थोड्या घेतल्या."

"आणि बाळाला पाजत होतीस?"

सुनेने नजर छताकडे वळवली.

"मी तुला सांगितलं होतं की नाही? दूध आत साचू द्यायचं नाही, बाळाला पाजत राहायचं. सांगितलं होतं ना?"

"विसरले," सून म्हणाली. "माझ्या लक्षात राहिलं नाही."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. दारात रांगेतल्या दोन बायका डोकावत होत्या, त्यातली एक डेअरीच्या रांगेतही असायची. सासूबाईंच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. गावभर व्हायला आता किती वेळ लागतो. एकदा दुधावरून झालंच होतं, आता सुनेवरून होईल.

"ती नाही विसरली," त्या मोठ्याने म्हणाल्या. "तिने मला अक्षर न् अक्षर सांगितलं होतं. बंद मी केलं. औषधाचं दूध म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. मग सुनेच्या मनगटावरच्या पट्टीकडे त्यांचं लक्ष गेलं. त्याही गावातच राहत होत्या, लाल पट्टी कशाची ते त्यांना विचारावं लागलं नाही. त्या रागावणार असं सासूबाईंना वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मावशी," त्या म्हणाल्या, "डेअरीचा नियम बरोबर आहे. ते दूध कितीतरी लोक पितात, कुणाला त्या औषधाचं वावडं असतं, आणि विरजणही लागत नाही. पण ही गोळी मी दिली ती लेकरू अंगावर पितं हे धरूनच दिली. दुधात उतरते ती अगदी जराशी. फार तर शी पातळ होईल, एवढंच. दूध साचून राहिलं तर मात्र गोळीही हात टेकते."

"एवढंच?" सासूबाई म्हणाल्या.

"एवढंच."

एवढ्याशासाठी लेकरू उपाशी राहिलं होतं. सासूबाईंनी ठमीला घट्ट धरलं आणि भिंतीकडे तोंड केलं. सुई घातली तेव्हा सुनेने त्यांचा पदर मुठीत धरला होता, तो त्यांनी सोडवून घेतला नाही.

एका सुईत काम झालं. निघाला तो पू बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. नवं पाकीट दिलं, त्याच गुलाबी गोळ्या. या वेळी पूर्ण. सुई बाजूने घातली आहे, तोंड लावायच्या जागेपासून लांब, तेव्हा त्या बाजूलाही पाजायला हरकत नाही. परवा पुन्हा दाखवायला यायचं. "पण लेकराची सवय मोडली असेल," त्या ठमीकडे बघून म्हणाल्या. "लगेच घेईलच असं नाही. धीर धरा."

घरी येईपर्यंत संध्याकाळच्या धारांची वेळ झाली होती. पाऊस उघडला होता आणि गाई ओळखीचा आवाज ऐकून दाव्याला ओढ देत होत्या. सासूबाईंनी आधी सुनेला दोन घास भरवले. गोळी आपल्या हाताने तिच्या जिभेवर ठेवली, पाणी दिलं, आणि ती गिळेपर्यंत तिच्या गळ्याकडे बघत राहिल्या. मग ठमीला उचलून तिच्या मांडीवर दिलं.

"घे. पाज."

ठमीने तोंड लावलं आणि लगेच काढून घेतलं. छाती इतकी ताठली होती की तिच्या ओठांत काही येईना. ती चिडली. मान झटकून ओरडायला लागली. सुनेने दुसऱ्यांदा लावलं, तिसऱ्यांदा लावलं. ठमी पाठीची कमान करून मागे रेलली.

"आता नाही घ्यायची ही," सून म्हणाली. इतके दिवस दाबून धरलेलं रडू आता बाहेर आलं. "विसरली मला. आत्या, ही विसरली."

"काही विसरत नाही. थांब."

सासूबाई चुलीपाशी गेल्या आणि गरम पाण्यात फडकं पिळून आणलं. या वेळी तोंड भिंतीकडे न करता सुनेच्या समोर बसल्या, दोन्ही मांड्या घालून. फडक्याने शेकलं. मग तळहाताने वरून खाली, हलक्या हाताने, चोळत आणलं. नव्या व्यालेल्या गाईला पान्हा फुटत नाही तेव्हा त्या असंच करायच्या, तोंडाने काहीबाही बोलत. आताही बोलत होत्या. हं, हं, माझी बाय ती, सोड, सोड. आपण कुणाशी बोलतोय हे त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. पहिल्या धारा पदरावर गेल्या. लाली तशीच होती, पण टोकाजवळचं घट्ट मऊ पडलं. त्यांनी खालून आपला तळहात आधाराला दिला आणि दुसऱ्या हाताने ठमीचं डोकं पुढे आणलं.

ठमीने ओठ लावले. चाटलं. थांबली. मग तोंड मोठं उघडून तिने असा घोट घेतला की सुनेच्या तोंडून हाय निघालं.

"काढू का?"

"नको," सून म्हणाली. "नको, राहू दे."

ठमी पीत होती. नाकातून आवाज करत, मधेच श्वासाला थांबत, एक डोळा उघडून बघत आणि पुन्हा मिटत. तिची मूठ आईच्या मनगटाशी आली आणि लाल पट्टीवर घट्ट बसली. सासूबाईंनी ते पाहिलं. त्यांनी एका हाताने गाठ सोडायचा प्रयत्न केला. गाठ हलेना. पाण्याने फुगून ती आवळली होती, आणि मारलीच होती तशी. दुसरा हात ठमीच्या खाली अडकला होता, तो काढला असता तर तिचं तोंड सुटलं असतं. मग सासूबाई वाकल्या आणि दातांनी पट्टी कुरतडायला लागल्या. एकेक धागा तुटत गेला. सून वरून त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघत होती. तिने दुसरा हात उचलला आणि त्यांच्या डोक्यावर ठेवला.

पट्टी तुटून खाली पडली. मनगटावर तेवढ्या जागी पांढरा वळ राहिला होता.

बाहेर गाई हंबरायला लागल्या. डेअरीची वेळ टळत होती. मुलगा किटली वाजवत दारात आला. "आई, धारा राहिल्यात. बांडी दावं तोडेल. वेगळी बादली कुठे ठेवलीस?"

सासूबाईंनी मान हलवून त्याला गप्प केलं. त्या हलल्या नाहीत. हात ठमीच्या डोक्याखाली अवघडला होता, मांडीला मुंग्या आल्या होत्या आणि ओठाला एक लाल धागा चिकटला होता. तो काढायचं त्यांना सुचलं नाही.